पुणे वाढलं, पण तुमचा रस्ता सत्तर मीटर आधी का थांबला?

प्रश्न: आम्ही 2019 मध्ये वाघोलीत फ्लॅट घेतला. तेव्हा ग्रामपंचायत होती, आता पुणे महानगरपालिका आहे. मिळकतकर वेळेवर भरतो, तरी पाणी टँकरचं आणि सोसायटीसमोरचा डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) अर्धवट. एवढं मोठं शहर म्हटल्यावर हे व्हायचंच, असं सगळे सांगतात. खरंच व्हायचंच असतं का? आणि आम्ही नेमकं काय करू शकतो?

उत्तर:

नाही, व्हायचंच असं काही नसतं. नगररचनेच्या कामात माझी तीस वर्षं गेली. "शहर वाढलं की असं व्हायचंच" हे वाक्य मी बैठकांत, साइटवर, लग्नकार्यात सगळीकडे ऐकलं आणि दर वेळी मला त्याचा त्रास झाला. कारण ते ऐकून माणूस प्रश्न विचारायचंच सोडून देतो. शहर मोठं झालं म्हणून तुमचा रस्ता अडलेला नाही. तो अडलाय जमिनीच्या एका व्यवहारावर. तो व्यवहार नीट समजला की पाणी, पूर, कोंडी यांतलंही बरंच काही उलगडतं, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या असतील तर काढा आणि त्यांवरचे पुण्यातले पत्ते वाचा. सदाशिव पेठेतल्या पत्त्यात नुसता घरनंबर आणि पेठ असते. प्रभात रोड, डेक्कन, शिवाजीनगरच्या पत्त्यात पुष्कळदा 'एफ. पी. नं.' दिसतं. कोथरूड-बिबवेवाडीकडे 'स. नं.' येतं. आणि तुमच्या वाघोलीच्या पत्त्यात 'गट नं.' असणार. पत्त्यातल्या या चार खुणा म्हणजे त्या त्या भागाची जमीन शहरात कशी आली याची नोंद आहे.

पेठा वसवताना वस्तीच्या आधी किंवा वस्तीबरोबर रस्ता, बाजार आणि पाणी यांचा विचार झाला होता. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून बंदिस्त दगडी नळानं शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं. त्या नळावरचे उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर पडायचे मनोरे, अजून काही ठिकाणी उभे आहेत. एफ. पी. म्हणजे फायनल प्लॉट, आपल्या भाषेत अंतिम भूखंड. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याखाली भांबुर्डा, म्हणजे आजचं शिवाजीनगर, आणि आसपासच्या भागात नगररचना योजना झाल्या. शेतांचे वेडेवाकडे तुकडे कागदावर एकत्र करून, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा काढून, उरलेली जमीन चौकोनी भूखंडांच्या रूपानं त्याच मालकांना परत दिली गेली. तिथले रस्ते एकमेकांना जाऊन मिळतात, त्याचं कारण हे आहे. तिथल्या लोकांची शिस्त किंवा नशीब यांचा त्यात काही वाटा नाही.

सर्व्हे नंबर आणि गट नंबर ही मात्र शेतसाऱ्याची एककं. गट तर 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यातून आले, शेती किफायतशीर व्हावी म्हणून. शेताचा आकार नांगराच्या आणि पाण्याच्या सोयीचा असतो, पुढे भावाभावांत वाटण्या होऊन त्याच्या लांबलचक पट्ट्या पडतात. दोन शेतांमधून जायला पाणंद, दोन गावांच्या हद्दीवर शिवरस्ता. एका बैलगाडीला पुरेल एवढी ती वाट. त्याच पट्टीवर उद्या बारा मजली इमारत उभी राहिली, तरी खाली जमिनीची आखणी शेताचीच राहते. वाघोली, मांजरी, उंड्री, धानोरी, मारुंजी, कुठेही जा. तुम्ही ज्या रस्त्यावर रोज सकाळी पाऊण तास अडकता, तो गावनकाशावर दुहेरी तुटक रेघेनं दाखवलेला गाडीरस्ता असण्याचीच शक्यता जास्त.

आता वाढीकडे येतो. पुणे नगरपालिकेची महानगरपालिका 1950 मध्ये झाली. 1951 च्या जनगणनेत तिच्या हद्दीत सुमारे पाच लाख माणसं होती. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि शहर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बाहेर पडलं. गोखलेनगर, सहकारनगर या वसाहती त्यातून आल्या. दुसरीकडे पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आणि बजाज आले. कामगारांनी निगडी-आकुर्डी भरली आणि 1982 मध्ये पिंपरी-चिंचवडची वेगळी महानगरपालिका झाली. नव्वदीनंतर हिंजवडीचं आयटी पार्क आणि चाकणचे वाहन कारखाने. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिका 31 लाख, पिंपरी-चिंचवड 17 लाख. त्यानंतर जनगणनाच न झाल्यामुळे आज पाण्याचा कोटा असो की शाळेची गरज, हिशेब अंदाजावर चालतो. ही गोष्ट लोकांना किरकोळ वाटते. नळाची जाडी ठरवणाऱ्या माणसाला विचारा ती किती मोठी आहे.

या सगळ्यात एक क्रम कधी बदलला नाही. माणसं आधी हद्दीबाहेर राहायला जातात, कारण तिथे जमीन स्वस्त. हद्द मागून येते. 1997 मध्ये 38 गावं पालिकेत घेतली, नंतर त्यातली काही वगळली. 2017 मध्ये 11 गावं आली. 30 जून 2021 ला आणखी 23 आली, त्यात तुमची वाघोली. पुणे क्षेत्रफळानं मुंबई महापालिकेच्याही पुढे गेलं. 2024 मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. शहराचा कचरा ज्यांनी वर्षानुवर्षं सोसला, ज्यांच्या विहिरींचं पाणी कचरा डेपोनं नासवलं, ती हीच दोन गावं. त्यांच्याबद्दल बोलताना पुण्यातल्या प्रत्येकानं थोडं खालच्या आवाजात बोलावं, असं मला वाटतं.

हद्द मागून येते तशी योजनाही मागून येते. पुण्याचा विकास आराखडा, ज्याला आपण डीपी म्हणतो, 1987 मध्ये मंजूर झाला. जुन्या हद्दीचा पुढचा सुधारित आराखडा मंजूर व्हायला जानेवारी 2017 उजाडला. तीस वर्षं. 1987 च्या आराखड्यात शहराभोवती फिरणारा एचसीएमटीआर हा सुमारे 36 किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग दाखवला होता. तो अजून नकाशावरच आहे.

आता तुमच्या रस्त्याकडे. तो मी पाहिलेला नाही, पण त्याच्यासारखे इतके पाहिलेत की वर्णन करू शकतो. नकाशावर 24 मीटर रुंद रस्ता. जागेवर मात्र तुकडे. प्रत्येक बिल्डरला बांधकाम परवानगीच्या अटीनुसार आपल्या प्लॉटमधला रस्त्याचा भाग सोडावा लागतो, तेवढ्यापुरता तो करतो. डांबर, पेव्हर ब्लॉक, दोन झाडं, आपल्या प्रकल्पाची कमान. प्लॉट संपला की रस्ता संपला. मग मध्ये एक न विकलेलं शेत, पुढे पुन्हा कमान आणि डांबर.

अशाच एका गावात मी टेप घेऊन उभा होतो. दोन्ही बाजूंना 24 मीटरचा तयार रस्ता आणि मध्ये सत्तर मीटर लांबीची जागा, जिथे रुंदी मोजली तर साडेचार मीटर. एका अंगाला विहिरीचा कठडा, दुसऱ्या अंगाला कडब्याची गंजी आणि बांधावर बाभूळ. सकाळी साडेआठला शाळेची बस आणि दुधाचा टेम्पो समोरासमोर आले की दोघांपैकी एकानं मागे जायचं, मागे दीडशे दुचाकी. शेताचा मालक साठीचा गृहस्थ. त्यानं खाटेवर बसवलं, चहा मागवला. म्हणाला, "साहेब, रस्त्याला माझी ना नाही. माझी नातवंडं याच रस्त्यानं जातात. पर शेजाऱ्याच्या रानावर रेघ पडली नाही, त्यानं बिल्डरला जमीन दिली, बंगला बांधला. माझ्या दीड एकरातून तिरकी रेघ गेली. मला म्हणता कागद घ्या. कागदावर पोरीचं लग्न व्हतंय का?"

कागद म्हणजे टीडीआर, हस्तांतरणीय विकास हक्क. जमीन रस्त्याला द्यायची आणि त्या बदल्यात दुसरीकडे वापरता येईल अशा बांधकामाच्या हक्काचं प्रमाणपत्र घ्यायचं. बाजार तेजीत असला तर त्याला चांगला भाव येतो, मंदीत ते विकायला दलालाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. रोख मोबदला द्यायचा तर भूसंपादनाची रक्कम एवढी होते की पालिकेचं अंदाजपत्रक कोलमडतं. कात्रज-कोंढवा रस्त्याचं उदाहरण सगळ्या शहरानं पाहिलंय. जेमतेम साडेतीन किलोमीटरचा रस्ता, 84 मीटर रुंद करायचं ठरलं, काम 2018 मध्ये सुरू झालं, जमिनी मिळेनात म्हणून शेवटी रुंदी 50 मीटरवर आणावी लागली. तोवर तिथे अपघातांत माणसं गेली.

त्या गृहस्थाला अडवणूक करणारा म्हणणारे लोक मला भेटतात. मला ते पटत नाही. नकाशावरची एक रेघ एका शेतकऱ्याला कोट्यधीश करते आणि बांधाला बांध असलेल्या दुसऱ्याला कंगाल करते. रस्ता झाल्यानं ज्याच्या जमिनीची किंमत वाढली, तो रस्त्यासाठी एक गुंठाही देत नाही, आणि ज्याची जमीन गेली त्याला वाढीव किंमतीतलं काही मिळत नाही. हा अन्याय आराखड्याच्या पद्धतीतच आहे. तो दूर केल्याशिवाय तुमचे सत्तर मीटर सुटणार नाहीत. हेच सत्तर मीटर शहरात शेकडो ठिकाणी आहेत आणि वाहतूक कोंडी म्हणून आपण जे म्हणतो, त्यातला फार मोठा भाग तिथे तयार होतो. मधले रस्ते जुळलेले नसल्यामुळे खराडीच्या मुलालाही क्लासला जायला नगर रोडवरच यावं लागतं. मग नगर रोडवर उड्डाणपूल मागायचे.

यावरचा उपाय आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे: तीच नगररचना योजना, टीपी स्कीम. पुन्हा हिशेबानं सांगतो. समजा एका भागातल्या सगळ्यांच्या जमिनी एकत्र केल्या. प्रत्येकाच्या 40 गुंठ्यांतले 16 गुंठे रस्ते, शाळा, बाग, पाण्याची टाकी यांना गेले आणि 24 गुंठे चौकोनी, रस्त्यावर तोंड असलेले, परत मिळाले. सगळ्यांनी सारखं दिलं, सगळ्यांना सारखं मिळालं. ज्याच्या रानातून रस्ता गेला तो आणि ज्याच्या नाही तो, दोघे एका पंगतीत. पालिकेला जमीन विकत घ्यावी लागली नाही. शेतकऱ्याची जमीन विकली गेली नाही, तो मालकच राहिला. आणि 24 गुंठ्यांची किंमत आधीच्या 40 पेक्षा जास्त झाली, कारण आता तिथे रस्ता आणि पाणी आहे.

1915 चा तो कायदा मुंबई इलाख्याचा होता, म्हणजे अहमदाबादलाही तोच. 1960 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाल्यावर गुजरातनं ही पद्धत धरून ठेवली. अहमदाबादभोवतीचा 76 किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड मुख्यतः अशाच रीतीनं जमीन मिळवून झाला. आपल्या 1966 च्या नगररचना कायद्यातही टीपी स्कीमचं अख्खं प्रकरण आहे, पण आपण ते जवळजवळ मिटून ठेवलं. लवाद नेमणं, एकेका मालकाची सुनावणी, वर्षानुवर्षं फायली, या कंटाळ्यानं आपण रेघ मारून मोकळं होण्याचा सोपा मार्ग धरला. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, 2015 मध्ये आल्यावर म्हाळुंगे-माण इथे सुमारे 250 हेक्टरवर योजना हाती घेतली गेली. मला त्यातून आशा वाटली. पण एखाददुसऱ्या योजनेनं भागत नाही, अहमदाबादेत त्या ओळीनं, एकीला लागून एक होत गेल्या.

लोकांना हे पटत नाही असंही कुणी म्हणू नये. हडपसरला मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन स्वतःहून एकत्र केली, बिल्डरला न विकता स्वतःची कंपनी काढली आणि नगर वसवलं. बहुतेक मंडळी एका भावकीची, विश्वास होता, म्हणून जमलं. जिथे भावकी नाही, तिथे तो विश्वास कायद्यानं आणि वेळेवर दिलेल्या शब्दानं तयार करावा लागतो. हे सरकारचंच काम आहे.

पाण्याबद्दल तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण मुळाशी तसाच. पुणं तहानलेलं शहर नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण 29 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास. त्यातूनच दौंड-इंदापूरच्या शेतीला कालव्यानं पाणी जातं, त्यामुळे दर वर्षी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ओढाताण होते. शहरानं जास्त उचललं तर खालच्या शेतकऱ्याचं आवर्तन कमी होतं. पिंपरी-चिंचवडसाठी पवना धरणातून बंद नळ टाकायला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन माणसं मेली. नळ उघडताना हे आठवावं. आणि आपण वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत जातं, जिथून सोलापूर पितं.

इतकं असून वाघोलीत टँकर का? तुमच्या इमारतीला परवानगी मिळाली तेव्हा तिथे नळच नव्हता. पाण्याची सोय विकसक स्वखर्चानं करेल, अशा हमीपत्रावर परवानग्या दिल्या गेल्या. विकसक प्रकल्प पुरा करून निघून गेला आणि हमी तुमच्या सोसायटीच्या महिन्याच्या देखभाल खर्चात येऊन बसली. टँकर भरतो तो बहुधा जवळच्याच एखाद्या विहिरीवर किंवा बोअरवर, म्हणजे तुमच्या पायाखालचंच पाणी तुम्ही दहा हजार लिटरच्या भावानं विकत घेता. उन्हाळ्यात त्या विहिरीही खाली जातात.

जानेवारी 2025 मध्ये याची दुसरी बाजू दिसली. सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोमची साथ आली. पाय लुळे पडलेली धट्टीकट्टी माणसं व्हेंटिलेटरवर गेली. दोनशेहून जास्त रुग्ण झाले, काही दगावले. तपासात दूषित पाण्याकडे बोट गेलं. ही सगळी पालिकेत नुकतीच आलेली गावं आणि त्यांच्या उशाला खडकवासला धरण. धरणाच्या भिंतीखालच्या माणसाला विहिरीतलं, नुसता क्लोरिनचा डोस दिलेलं पाणी मिळत होतं, कारण शुद्धीकरण केंद्र गावाच्या आधी यायला हवं होतं, ते आलं नव्हतं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी कामाला बसू शकलो नाही.

ओढ्यांबद्दल थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा, कारण वाघोली-लोहगाव भागात हे पुढे येणार आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्यानं अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांत धुमाकूळ घातला. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून जास्त माणसं गेली. पाऊस मोठा होता हे खरं. पण ओढ्याची रुंदी ठिकठिकाणी सीमाभिंतींनी आणि भरावांनी खाल्लेली होती. ओढा हा सातबाऱ्यावर कुणाचा नसतो, म्हणून प्रत्येक जण थोडा थोडा आपला करून घेतो. शहराच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं 978 हेक्टरचं आरक्षण आहे, ते टिकलं तरच खाली पाणी सावकाश येईल. तिथल्या मालकांना 8 टक्के टीडीआर देऊ केला. पुन्हा तीच गोष्ट: ज्याच्या जमिनीवर सगळ्या शहराचं भलं अवलंबून, त्यालाच सगळ्यात कमी.

मेट्रोनं हे सुटेल का, असं मला रोज विचारतात. मेट्रो मला हवी आहे. 6 मार्च 2022 ला पहिला टप्पा सुरू झाला, 29 सप्टेंबर 2024 ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी भाग जोडला आणि सुमारे 33 किलोमीटरचं पहिलं काम पुरं झालं. म्हातारी माणसं स्वारगेटहून पिंपरीला न दमता जातात हे पाहून बरं वाटतं. पण स्टेशनपर्यंत पोचायला फुटपाथ आणि जोडरस्ता लागतो, वेळेवर येणारी पीएमपीची बस लागते. ज्या गावात सत्तर मीटरचा रस्ता जुळत नाही, तिथे बस वळतच नाही.

कारभाराचा मुद्दा इथेच घेतो. हिंजवडीत एका किलोमीटरच्या रस्त्यावर खड्डा पडला तर तो एमआयडीसीचा, पीएमआरडीएचा, सार्वजनिक बांधकामचा की ग्रामपंचायतीचा, हे ठरण्यातच पावसाळा जातो. तुमच्या गावात तर आणखी वेगळं झालं. 2021 मध्ये ग्रामपंचायत विसर्जित झाली आणि मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले, ते साडेतीन वर्षांहून जास्त काळ राहिले. म्हणजे एवढी वर्षं तुमच्याकडे सरपंचही नव्हता आणि तुम्ही निवडून दिलेला नगरसेवकही नव्हता. ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा माणूसच नव्हता. आयुक्त कितीही कर्तबगार असो, पाचशे चौरस किलोमीटरच्या शहरात तो तुमच्या पाणंदीपर्यंत पोचत नाही.

आता तुम्ही काय करायचं. माझ्या अनुभवात जे खरंच उपयोगी पडलं तेवढंच सांगतो.

एकट्या सोसायटीनं अर्ज करू नका. तो रस्ता ज्या ज्या सोसायट्यांना लागतो त्या सगळ्यांनी मिळून जा, आणि "आमच्यासमोरचा रस्ता करा" असं न म्हणता रस्त्याची पूर्ण लांबी धरून मागणी करा. त्यासाठी आधी कागद गोळा करा. गावनकाशा, तुमच्या गटाचा मोजणी नकाशा, मंजूर लेआउट, तुमच्या गावाला सध्या लागू असलेल्या आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला. मग मोठ्या कागदावर रस्त्याची सगळी लांबी काढा आणि गटागटानं तीन रंग भरा: पालिकेच्या ताब्यात आलेला, बिल्डरनं सोडला पण ताबा न दिलेला, आणि अजून शेतकऱ्याचा असलेला. पालिकेच्या कार्यालयात असा रंगवलेला नकाशा टेबलावर पसरला की बोलणं बदलतं, हे मी अनेकदा पाहिलंय. पुष्कळ वेळा कळतं की तिसऱ्या रंगाची जागा वाटली त्याहून फार थोडी आहे, आणि दुसऱ्या रंगाची फार मोठी. दुसऱ्या रंगासाठी कुणाला एक रुपया द्यायचा नाही, फक्त ताबापावती करून घ्यायची आहे.

लेआउटमधली सुविधा जागा, म्हणजे अॅमिनिटी स्पेस, कुणाच्या नावावर आहे तेही पाहा. पाण्याची टाकी, दवाखाना यांना पुढे जागा नाही असं म्हणायची वेळ येते, ती अशा जागा विसरल्यामुळे. विकसकानं दिलेल्या पाण्याच्या हमीपत्राची प्रत माहिती अधिकारात मागून घ्या. सगळ्या सोसायट्यांच्या टँकरच्या बिलांची वर्षाची बेरीज करून त्याला जोडा. नळ टाकायच्या प्राधान्यक्रमावर बोलताना हा आकडा हातात असावा.

गावाचा आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतो तेव्हा मुदत थोडी असते. त्या दिवसांत एक माणूस कामातून सुटी घेऊन बसवा. ओढ्याची रेघ, पाणंदीची रेघ, टेकडीचं आरक्षण तपासा. आणि तुमच्या भागात मोकळं रान अजून शिल्लक असेल तर टीपी स्कीमची मागणी लेखी करा, शेतकऱ्यांना बरोबर घेऊन. त्यांनी मागितली तर तिला वजन येतं.

एक धोक्याची सूचना. आराखड्यात रस्ता आहे म्हणजे तो कायम राहील असं समजू नका. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक 1966 च्या त्याच नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली खरेदी सूचना, म्हणजे जमीन विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत प्राधिकरणानं पावलं उचलली नाहीत तर त्या जागेवरचं आरक्षण रद्द होतं. म्हणजे मधले सत्तर मीटर कायद्यानंच नकाशावरून पुसले जातात. अशी सूचना आली आहे का, याची विचारणा दर सहा महिन्यांनी करत राहा.

आणि रंगवलेल्या नकाशातला तिसरा रंग ज्याच्या शेतावर पडलाय, त्याच्याकडे पालिकेच्या आधी तुम्ही जा. तक्रार घेऊन जाऊ नका. तो कधीपासून तिथे राहतो, किती जमीन गेली, किती उरली, त्याला रोख हवं की टीडीआर की उरलेल्या जागेवर वाढीव बांधकाम, हे ऐकून घ्या. मी वर सांगितलं त्या साठीच्या गृहस्थाकडे दोन सोसायट्यांची माणसं रविवारी जाऊन बसली होती, तोवर सहा वर्षांत त्याच्याशी नोटिशीशिवाय कुणी बोललंच नव्हतं. त्याला विहीर वाचवायची होती, एवढंच. रेघ चार मीटर सरकवता येते का, हे पाहायला मोजणीदार बोलावला. प्रस्ताव गेला, रोख आणि टीडीआर असा अर्धा-अर्धा मोबदला ठरला, आणि पुढच्या दिवाळीआधी कडब्याची गंजी त्यानं स्वतः हलवली. रस्त्याच्या कडेला ती विहीर आजही आहे, तिला जाळी बसवली आहे.